मयेकरांच्या कासवाची पाठ

"पाठ सपाट करून द्या, डॉक्टरबाई. काय लागेल ते सांगा."

मयेकरांनी टॉवेलात गुंडाळून आणलेलं कासव माझ्या टेबलावर ठेवलं. तळहाताहून थोडं मोठं. पाठ गुळगुळीत हवी, तर तिच्यावर छोटे छोटे डोंगर उभे राहिले होते. मयेकरांची नात नाताळात कॅनडाहून यायची होती. कासव तिचं. व्हिडिओ कॉलवर हे लोक तिला कासवाचं फक्त तोंड दाखवत.

मुलांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, नोकरीत मी जन्मभर गाई-म्हशी तपासल्या. रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला, तिथे कुत्री-मांजरं येतात. कासव क्वचितच. म्हणून आधी जात विचारली, कारण आपल्याकडचं चांदण्यांच्या नक्षीचं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. हे आफ्रिकेतलं, सुलकाटा जातीचं होतं आणि मयेकरांच्या मुलाने त्याची रीतसर नोंद केलेली होती. मुलगा, सून, नात परदेशी गेली. कासव आजी-आजोबांकडे राहिलं.

मुंबईच्या एका वर्गमित्राला फोन करून मी खात्री करून घेतली. या दोषाला पिरॅमिडिंग म्हणतात. कासवाची पाठ अनेक तुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकडा कडेने वाढतो. वाढत्या वयात हवा फार कोरडी असली, की नवी कड सरळ पसरत नाही, खाली वळते, आणि मधला भाग वर उचलला जातो. एकदा आलेला उंचवटा परत बसत नाही. पुढची वाढ तेवढी सपाट करता येते.

आता रत्नागिरीत कोरडी हवा कुठून आली? मी घरी जाऊन पाहिलं. मयेकर भजनात पेटी वाजवतात. पेटीला ओल लागू नये म्हणून कपाटात कायम बल्ब पेटलेला. त्याच बल्बखाली, काचेच्या टाकीत, वर्तमानपत्राच्या घडीवर कासव. वहिनी, म्हणजे मयेकरांची बायको, त्याला ताकद यावी म्हणून सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, उकडून भरवत होत्या आणि पाठीला रोज खोबरेल लावत होत्या.

मी म्हटलं, सोडे बंद, तेल बंद. गवत द्या, जास्वंदीची पानं द्या. कॅल्शियमसाठी समुद्रातल्या म्हाकुलाचं हाड ठेवा, सकाळचं ऊन दाखवा. रोज कोमट पाण्याच्या उथळ थाळीत बसवा. आणि मोठ्या खोक्यात नारळाच्या सोडणाचा भुसा पसरून तो ओला ठेवा.

"ओला?" वहिनी म्हणाल्या. "अहो, या घरात आम्ही पापडाला ओल लागू देत नाय. कुजेल ते."

"पापड मेलेला असतो, वहिनी."

मयेकर हसले, वहिनी हसल्या नाहीत. मी समजावलं, की थंडगार ओल नको, ऊब आणि ओल दोन्ही एकत्र हवीत, म्हणजे बल्ब राहू दे, खाली भुसा दमट हवा. त्यांना ते पटलं नसावं. पण केलं त्यांनी सगळं, हे मला त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पाऊस संपता संपता मी पुन्हा गेले. प्रत्येक तुकड्याच्या कडेला फिकट, सपाट पट्टी आली होती. मी मयेकरांचं बोट धरून तिच्यावरून फिरवलं.

"ही तुमची मेहनत," मी म्हटलं.

"आणि हे मधले डोंगर?"

"ते राहणार."

"पोरीला ते आधी दिसणार ना हो."

 कवच म्हणजे वरून घातलेली टोपी नव्हे, खाली जिवंत हाड असतं, तिथे काही करू नका, एवढं मी दोनदा बजावलं.

डिसेंबर लागला तसं मयेकरांनी घराला नवा रंग द्यायला काढला. परदेशातून माणूस येणार म्हटलं की आपल्याकडे भिंती, गेट, तुळशीवृंदावन, सगळं नवं व्हायला लागतं. दारांना पॉलिश करायला माणूस आला. त्याच्याकडे लाकूड घासायचं मशीन होतं.

पुढचं मला वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्या रडत होत्या.

मी पोहोचले तेव्हा पाठ सपाट होती. वरचा थर गेला होता, हाड उघडं पडलं होतं. मयेकर पायरीवर बसले होते. एवढंच म्हणाले, "रक्त आलं तेव्हा थांबवलं मी त्याला." मी जखम धुतली, ड्रेसिंग केलं, इंजेक्शनं सुरू केली. जंतुसंसर्ग आत उतरला होता. नात यायच्या आधीच कासव गेलं. त्याला जास्वंदीखाली पुरलं.

दुसऱ्या दिवशी मयेकर दवाखान्यात आले. खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, "बाई, पोरगी तुम्हाला भेटली तर एक कराल? ओल लागून गेलं म्हणून सांगा."

ज्या एका गोष्टीने ते कासव सुधारत होतं, तिच्यावरच हा आळ. मी नाही म्हटलं. खोटं सांगणार नाही आणि मुद्दाम सांगायला येणारही नाही, एवढंच कबूल केलं.

त्याची गरज पडली नाही. नात दवाखान्यात आलीच नाही. आजोबांनी तिला ओल सांगितली, ती म्हणाली, इथली हवाच तशी आहे, आणि तिघं गणपतीपुळ्याला गेली. हे वहिनींनीच सांगितलं. नवीन पॉलिशच्या दारांचं तिने कौतुक केलं म्हणे.

धंद्यातला धडा असा, की कासव लहान असतानाच त्याला ओल द्यावी. वाढून गेलेल्या पाठीवर इलाज नसतो आणि ती पाठ कुणाला वाईट दिसते म्हणून जनावराला दुखत नसतं.

तुम्ही तिकडून घरी येणार असाल तर जरूर या. आधी कळवलंत तर मासे आणून ठेवीन. घराला रंग मात्र देणार नाही.