तो ओरडला म्हणून

नव्वदच्या दशकात नवऱ्याची जपानमधल्याच नागोयाहून निगाताला बदली झाली. पहिल्याच हिवाळ्यात दारासमोर कमरेएवढा बर्फ साचला आणि मी विजेवर चालणारं, फिरत्या पात्यांनी बर्फ उडवणारं फावडं घ्यायला दुकानात गेले. मला सगळ्यांत मोठं हवं होतं. तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्याने ते माझ्या हातात दिलं आणि तो घड्याळाकडे बघत उभा राहिला. मिनिटभरात माझे दंड थरथरायला लागले. मग त्याने ते हळूच काढून घेतलं आणि लहान फावडं पुढे केलं.

दुपारी तो स्वतःच ते घरी पोचवायला आला. मी लगेच चालवून पाहिलं. थोड्याच वेळात बर्फाचा घट्ट गोळा अडकला आणि पाती थांबली. मी वाकून गोळा काढायला हात घातला. दुसऱ्या हाताने खटका दाबलेलाच होता.

"हात काढा!" तो केवढ्याने ओरडला!

मी दचकून मागे सरले. त्याच क्षणी गोळा फुटला आणि पाती गरकन फिरली.

त्याने आधी प्लग उपटला. मग टोपी काढून माझ्यापुढे कमरेत वाकला.

"ओरडलो, माफ करा," तो म्हणाला. "माझ्या बायकोने असाच हात घातला होता. समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून मी ओरडलो नाही."

त्याने एक काठी उचलली आणि अडकलेला बर्फ कसा काढायचा ते दोनदा दाखवलं. मग मला करायला लावलं. मी संपवेपर्यंत तो माझ्या बोटांकडेच बघत होता.