सुमित्राबाईची शायनिंग

आमच्या करावे गावात शायनिंग मारणं म्हणजे नसलेलं दाखवणं. मित्राची बाइक, काळा गॉगल, वर केलेली कॉलर. पण सुमित्राबाईला कुणी 'शायनिंग' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अहो, तिच्या गळ्यातला हार खरा, अंबाड्यातली अबोलीही खरी! सगळं मासळी विकून केलेलं. सीवूड्सच्या मार्केटात बसते तीही अशी नटून. विचारलं तर म्हणते, "मासली ताजी, तर इकनारी शिली कशाला?"

तिच्या लेकीला, संध्याला मात्र याची लाज वाटायची. ऑफिसातल्या मैत्रिणी आईचा फोटो बघून हसल्या होत्या, ते तिच्या मनाला लागलेलं.

त्यात तिचं मितेशशी जमलं. पोरगा संध्यानंच पसंत केलेला. माणसं मूळची मोऱ्याची, आपल्याच कोळ्यांतली, पण आता सानपाड्याला टॉवरमध्ये राहणारी. ती बोलणी करायला येणार, तर आदल्या दिवशी ही आईला म्हणते, "आये, उद्या साधी बस. शायनिंग नको." मी शेजारीण, तिथंच होते. पण माय-लेकींत मी कशाला पडू!

पाहुणे आले. सुमित्राबाई फिकट साडीत, नुसत्या मंगळसूत्रावर, केसांत फूल नाही. मितेशची आई केशरबाई दारातच थबकली. तिच्या अंगावर, बाई गं, सुमित्राबाईच्या दुप्पट सोनं! टॉवरमध्ये गेली म्हणून कोळीण बदलते होय?

"घरान दुखवटा हाय काय?"

"नाय वो."

"मंग पोरगा पसंत नाय, सरल सांगा. लेकीच्या बोलनीला आई अशी बसत नाय."

खरंच बसत नाही. लेकीचा आनंद आईच्या अंगावर दिसावा, ही आमची रीत. संध्याला ती कुठं ठाऊक!

सुमित्राबाईनं खरं सांगितलं असतं तर सोयरीक वाचली असती, पण सासरच्यांसमोर पोरीची मान खाली गेली असती. ती म्हणाली, "चूक माजी. इसरले मी."

"अशा दिवशी आई इसरते?" केशरबाई मागं वळली.

"ती नाय इसरली!" संध्या रडतच पुढं आली. "मीच काढायला लावलं. मला लाज वाटली आयेची."

मितेशनं मान खाली घातली. केशरबाई परत वळली आणि आत येऊन सुमित्राबाईला खेटून बसली.

"जा, आयेचं सोनं आन," ती संध्याला म्हणाली. "तुज्या हातानं घाल. मंग बोलू."

संध्यानं हार आणला, पण डोळ्यांतल्या पाण्यानं फासा काही दिसेना. सुमित्राबाईनं तिचे डोळे पदरानं पुसले.

"रडू नको गो. तुज्या हलदीला यापेक्षा जास्त घालीन!"