तळायला शैला

निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला. झोपेतच गेली, हार्ट अटॅक. घणसोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शैला आणि मी अठरा वर्षं समोरासमोर राहिलो, आणि ती गेल्याचं मला भाजीवाल्यापाशी उभी असताना मोबाइलवर कळलं...

शैलाला कोड होतं. चेहऱ्यावर थोडं, बोटं मात्र पार पांढरी. दिवाळीआधी मजल्यावरच्या आम्ही पाच जणी एकेकीच्या घरी जमून फराळ करायचो. लाडू वळणं, करंज्या भरणं आमच्याकडे, तळायला शैला. झारा लांब असतो, पिठाला हात लागत नाही. तुझ्यासारखं तळण कुणाला जमत नाही, असं कौतुक करून करून आम्ही तिला कढईपाशी बसवायचो. कोड लागत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! चांगली शिकलेली बाई मी.

दोन वर्षांपूर्वी वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नवं मलम दिलं. सोबत मीच गेले होते. शरीर आपल्याच रंगावर उठतं, हे मलम नेमकं तेवढंच थोपवतं, म्हणाल्या. चेहऱ्याला गुण येईल, बोटांची फार आशा धरू नका, चेहऱ्यालाच लावा. शैला मान डोलवून आली आणि सगळं मलम बोटांना चोळत राहिली. भांडी घासली की पुन्हा. चेहरा होता तसाच. डॉक्टरीणबाई चिडल्या, मीही चिडले. म्हटलं, अगं बये, लोक तोंड बघतात.

"मला काय तोंडानं करंज्या भरायच्यात?" ती म्हणाली.

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं...

या दिवाळीत ती माझ्या घरी आली आणि थेट पोळपाटापाशी बसली. अंगठ्यावर मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता. दोन वर्षांची कमाई.

"बघ, येतोय रंग. यंदा मी भरते."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. घर माझं होतं. मी हो म्हटलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं. मी म्हटलं, "शैला, तेल तापलंय गं." ती उठली आणि कढईपाशी गेली. महिन्याभरात ती गेली.

तेराव्यानंतर तिच्या यजमानांनी एक डबा आणून दिला. भाऊबीजेला एकटीनं बसून केल्या होत्या, तुमच्यासाठी म्हणून. द्यायला दोनदा तुमच्या दारापर्यंत आली आणि परत फिरली, म्हणाले. आत अकरा करंज्या, कडेला नीट मुरड घातलेल्या. खवट झाल्यात. मी रोज एक खाते.