लातूरच्या कबरस्तानातल्या दोन आडव्या कबरी

आज आम्ही मामीला मुद्दाम चुकीच्या दिशेनं पुरलं.

तिचीच ऑर्डर होती. अन् मार्थामामीची ऑर्डर मोडायची हिंमत अख्ख्या लातुरात कुणाची नव्हती.

नवे पाळकसाहेब खड्डा बघून दचकलेच. "अहो, हे उत्तर-दक्षिण कसं? आपल्यात पाय पूर्वेला करतात ना?"

चर्चच्या मंडळीतले जुने लोक एकमेकांकडं बघून हसायला लागले. मयतीत.
मीपण हसले. डोळे पुसत पुसत.

तर साहेब, अन् इथं वाचणारे तुम्ही सगळे, ऐका.

माझे शांतवनमामा एसटीत ड्रायव्हर होते. लातूर-नांदेड. नांदेडला आमच्याकडं यायचे ते खाकीतच.
गाडी फलाटाला लागायच्या आधी लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, हे त्यांनी उभा जन्म बघितलं. त्यामुळं त्यांचा देवावरचा विश्वासही थोडा स्टँडवरचाच होता.

प्रभू परत येणार अन् मेलेल्यांना उठवणार, हे वचन मामांना एकदम पक्कं.
"टाइमटेबल चुकतंय गं, मी सोताच चुकवलंय. वचन चुकत न्हाई."

काळजी होती ती फक्त गर्दीची.
"तुतारी वाजली की समदे एकदम उठणार. लई रेटारेटी होणार बघ."

म्हणून जागा गेटजवळची सांगून ठेवलेली. पाय पूर्वेला, कारण प्रभू पूर्वेकडून येणार. उठलं की तोंड थेट त्याच्यासमोर.
"वळण्यात टाइम घालवायचा न्हाई."
हे त्यांनी आम्हाला, शेजाऱ्यांना, कंडक्टर लोकांना, सगळ्यांना सांगितलं होतं. आयुष्यात मामांनी एवढा एकच हट्ट केला.

मामी विचारायची, "अन् माझं काय?"
"मी आधी गेलो तर तुझ्यासाठी शेजारी रुमाल टाकून ठेवतो."
"अन् मी आधी गेले तर?"
"तुला कशाला लागतोय रुमाल? तू नुसतं बघितलं तरी लोक उठतेत."

मामाच आधी गेले. ऐन उन्हाळ्यात, जेवण करून जरा कलंडले ते उठलेच नाहीत.

कबर खोदणारा माणूस नेमका लग्नाला मुरूडला गेलेला.
शेजारचे सलीमचाचा, वेल्डिंगचं दुकान असलेले, मामांचे जिगरी दोस्त. ते म्हणाले, "दुसरा माणूस कशाला बघून राहिले? मी हाय ना. भाभी, तुम्ही फिकर करू नका."
पहार-फावडं घेतलं अन् एकटेच गेले.

आम्ही पेटी घेऊन पोचलो. खड्डा काय सुरेख खोदलेला! कडा एकदम काटकोनात, वेल्डरच्या नजरेच्या.

अन् उत्तर-दक्षिण.

चाचांनी आजवर आपल्या माणसांच्या कबरी जशा बघितल्या, तशीच दोस्ताची खोदली होती. त्यांच्यात तशीच असते.

आता आली का पंचाईत?

पेटी खांद्यावर, डोक्यावर लातूरचं ऊन, अन् मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची तिथंच मीटिंग सुरू.
एकजण म्हणाला, बुजवा अन् दुसरी खोदा. दुसरा म्हणाला, खाली दगड हाय, संध्याकाळ होईल. तिसऱ्यानं मोबाइलमध्ये कंपास लावला. जणू खड्डा बरोबर निघेल अन् सूर्यच चुकलेला असेल.

चाचांचा चेहरा बघवत नव्हता.
"भाभी, गलती झाली. डोस्क्यातच आलं न्हाई. आमच्यात अशीच राहती. थांबा, आत्ता दुसरी खोदतो."
त्यांनी पहार उचलली. तळहातावरचे फोड फुटून रक्त आलं होतं.

मामीनं ते हात बघितले. मग खड्डा बघितला. मग तेव्हाच्या पाळकसाहेबांकडं वळली.

"साहेब, उठवीन असं वचन हाय ना?"
"आहे ना, बाई."
"त्यात दिशा दिलीय का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दिशा... ती आपली रीत आहे."

"मग ठेवा ह्यांना. जो मेल्या माणसाला उठवणार, त्याला त्याची कूस वळवाया येत न्हाई व्हय?"

आमेन म्हणा असं कुणी सांगितलं नाही, तरी सगळे म्हणाले. चाचा 'आमीन' म्हणाले अन् ओक्साबोक्शी रडायला लागले.

माती देऊन झाली. मामीनं कमरेला खोचलेला मामांचा चौकड्याचा रुमाल काढला, शेजारच्या मोकळ्या जागेवर पसरला अन् वर दगड ठेवला.
"ही जागा माझी. अन् माझी बी अशीच खोदायची. सलीमभाई, ध्यानात ठेवा."

तेव्हापासून दर ईस्टरला, कबरस्तानातली पहाटेची उपासना संपली की मामी मामांजवळ जायची. कबरीवर हात ठेवून म्हणायची, "झोपा अजून. गाडी लागली की उठवते."
लोकांना वाटायचं म्हातारी चेष्टा करतीय. ती चेष्टा करत नव्हती. इतका निवांत विश्वास मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही.

आज चाचांचे गुडघे गेलेत. खुर्ची टाकून बसले अन् माणसांकडून कबर खोदून घेतली. मामांच्या कबरीला दोरी लावून, अगदी सरळ रेषेत.
नव्या पाळकसाहेबांना म्हणाले, "साहेब, ती गलती होती. ही गलती न्हाई. ही भाभीची मर्जी हाय."

साहेबांनी प्रार्थना सुरू केली.

खाली मी श्रद्धांजली लिहिणार होते. पण मामी म्हणाली असती, "मी काय कायमची गेले व्हय?"

म्हणून एवढंच.

मामा, रुमाल उचला.
मामी आली.