बाळाराममामांचं उभं बक्षीस

माईक हातात आला की बाकीची माणसं ‘हॅलो, हॅलो, चेक’ करतात. बाळाराममामांनी असलं काही कधी केलं नाही. ते माईकला एक टपली मारायचे, घसा खाकरायचे आणि विचारायचे, “ऐकू येतंय का गो, डोळखांब?” डोळखांब ही मामांची सासुरवाडी, डोंगरापलीकडे. तिथे ऐकू जायची काही सोय नव्हती. पण मैदानावरची झाडून सगळी माणसं ओरडायची, “येतंय!” आणि मगच आमच्या किन्हवलीकडच्या मैदानावर कबड्डीची पहिली चढाई व्हायची.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरी घराला घर लागून, म्हणून मामा. भातशेती, दोन म्हशी, डोक्यावर टोपी आणि शहापूरपासून मुरबाडपर्यंत ओळखला जाणारा आवाज. मामी म्हणायच्या, “देवान् ह्यांना तोंड दिला नाय, भोंगा दिलाय.” कुठेही सामने असले की मामांना बोलावणं यायचं. आमच्याकडे चांगला गडी चढाईला निघाला की प्रेक्षकांतून कुणीतरी हात वर करून त्या चढाईला बक्षीस लावतो. कधी नारळाची जोडी, कधी टॉवेल, कधी कोंबडा. मामा ते पुकारायचे आणि पुकारता पुकारता त्या कोंबड्याचं वजन वाढत जायचं. लहानपणी मी एकदा बक्षिसाचा कोंबडा जवळून पाहिला होता. बिचारा वाऱ्यानेही उडाला असता. मी मामांना म्हटलं, “किती हो फुगवता!” तर म्हणाले, “माईकवर थोडा फुगवायलाच लागतं पोरी. नायतर लांबच्याला ऐकू जात नाय.”

एका बाबतीत मात्र त्यांना थट्टा चालत नसे. एका वर्षी गिरणीवाल्यांनी पितळी हंडा लावला होता. मुरबाडचा एक गडी कुणाच्याच हाती लागत नव्हता, त्याची जो पकड करेल त्याला हंडा. पकड कुणालाच जमली नाही. सामने संपल्यावर गिरणीवाले हंडा उचलून निघाले, तर मामा धावत आले आणि चक्क त्या हंड्यावर बसले. “शेट, बोललेला बक्षीस मंडपाच्या भायेर जात नाय. कोणी जिंकला नाय तर तो उभा राहतो.” गिरणीवाले चिडले, मग हसले आणि हंडा ठेवून गेले. पुढे मुरबाडचा तो गडी पोलिसात लागला, खेळणं सुटलं. हंडा मामांच्या घरात उभाच राहिला. दर सामन्याआधी मामा तो चिंचेने घासून लखलखीत करायचे आणि मामी पोचे पडलेल्या जुन्या हंड्याने पाणी भरायच्या. “नवीन हंडा घरात आणि मी ह्या चेपलेल्याने पाणी आणते,” असं त्यांनी साऱ्या आळीला ऐकवून झालं होतं. मामा ऐकून घ्यायचे, पण त्या हंड्यात पाणी भरू द्यायचे नाहीत.

मी इंजिनियर झाले आणि बेंगळुरूला एका लहानशा कंपनीत लागले. परदेशातल्या एका संस्थेने तेव्हा मोठं बक्षीस लावलं होतं. सरकारी पैशावर विसंबून न राहता खाजगी मंडळींनी चंद्रावर यान उतरवायचं, तिथे एक गाडी थोडं अंतर चालवायची आणि फोटो पाठवायचे. जो पहिला करेल त्याला कोट्यवधींचं बक्षीस. आमची कंपनी त्या शर्यतीत होती आणि मी त्या गाडीची चाकं वाळूत फिरवून तपासायचे. हे घरच्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. काका विचारत, मग पगार कोण देतं? मामांना मात्र एका दमात कळलं. “म्हणजे मंडपातून कोणीतरी बक्षीस बोललाय, आणि चढाई चांदावर. एवढाच ना?”

“एवढंच, मामा.”

“मग त्यात न समजण्यासारखा काय हाय?”

समजलं होतं खरं, पण पुढच्या सामन्यात माईक हातात आला. “आपल्या गावची भाची चांदावर सोता गाडी चालवणार हाय!” झालं! दुसऱ्या दिवसापासून आईकडे बायांची रांग लागली. कुणी सुकट आणली, कुणी पापड, एका आजीने तर गोधडी दिली, वर गारठा फार असेल म्हणून. आईनेही शहाणपणा केला, सगळं बांधून मला पाठवून दिलं. आमच्या ऑफिसात आठवडाभर सुकटीचा वास होता. माझ्या साहेबांनी ती गोधडी मात्र हसत हसत गाडीखाली अंथरून ठेवली.

बक्षिसाची मुदत संपत आली की वाढायची. मामा फोनवर विचारत, “पंचानं पुन्हा टाइम दिला? म्हणजे सगळेच गडी दमलेत.” दमलोच होतो. यान वर नेणाऱ्या रॉकेटचं ठरलेलं फिसकटलं. शेवटी संस्थेनेच सांगून टाकलं की मुदतीत कुणीच पोचणार नाही, स्पर्धा बंद, बक्षीस कुणालाच नाही. आमची गाडी ऑफिसात गोधडीवर बसून राहिली. मी सुट्टी घेऊन गावी आले. नेमके सामने सुरू होते. मी घराबाहेर पडले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? तो भोंगा घरात ऐकू येत होता आणि मला त्याचा अस्सा राग येत होता!

जेवणाच्या सुट्टीत मामा स्वतः दारात आले. “चल मैदानावर.”

“नाही येत,” मी ओरडलेच. “तुम्हीच फुगवून ठेवलंत सगळं. आता लोकांना काय सांगू? कुणीच पोचलं नाही, बक्षीस गेलं.”

“गेला? गेला कुठं?”

“ज्यांनी लावलं त्यांच्याकडे. परत.”

“बोललेला बक्षीस परत नेला?” मामा मटकन ओटीवर बसले. मी हरले याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं, पण त्या परक्या मुलखातल्या माणसांचा त्यांना खराखुरा संताप आला होता. “एवढी शिकली-सवरलेली माणसं, आणि त्यांच्या मंडपात एक मानूस नाय हंड्यावर बसायला?” मला रडता रडता हसू फुटलं. डोळे पुसले आणि त्यांच्यामागून गेले.

त्या दुपारी मामांनी गिरणीवाल्यांना माईकवरूनच विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि मामांनी पुकारलं, “आजपासून हा हंडा चांदाच्या चढाईला! आपल्या भाचीचा काम ज्या दिवशी तिथं पोचंल, त्या दिवशी तिचा!” मागून कुणीतरी ओरडलं, “आणि नाय पोचला तर?” मामा म्हणाले, “तर उभा राहील. हंड्याचे काय पाय दुखतात?” मग खाली माझ्याकडे बघत म्हणाले, “आता तू पोचायची आणि मी टिकायचा. माझा बोल हाय, मीच देणार.”

पोचायला वर्षं लागली. मी दुसऱ्या कंपनीत गेले. तिथे आम्ही दुसऱ्यांच्या यानांसाठी लहानसहान भाग बनवून, तपासून द्यायचो. इकडे मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. नुसती फुसफुस उरली. माईक दुसऱ्याकडे गेला. मामी म्हणाल्या, “घर खायला उठतं गो. भोंगाच बरा होता.” आई मला फोनवर सांगायची की मामा आता फार खंगलेत, पण हंडा अजून स्वतःच घासतात.

मग एका परदेशी खाजगी कंपनीचं यान चंद्रावर उतरलं. त्याच्या पायात मी तपासलेला एक लहानसा सांधा होता. उतरलं आणि कलंडलं. या वेळी कुणी बक्षीस लावलेलं नव्हतं, पण मला आठवण एकाच बक्षिसाची झाली. मी फोन केला. मामींनी तो मामांच्या कानाला लावला.

“मामा, पोचलं. पण पडलं हो. आडवं झालं.”

पलीकडून फुसफुस आली, “पडला... रेषेच्या अल्याड का पल्याड?”

“पल्याड. चंद्रावरच.”

“मग झाला तर.” कबड्डीत गडी पकडीत पालथा पडला, तरी त्याचं बोट मध्यरेषेला टेकलं की तो वाचतो. “बोट टेकला ना? गडी जिता हाय. तू ये.”

भात झोडून झाल्यावर सामने होते, तेव्हा गेले. मामांना खुर्चीत बसवून आणलं होतं, मांडीवर हंडा. नव्या निवेदकाने माझं कौतुक असं काही चढवलं की मीच ती कोण बाई म्हणून बघायला लागले. मामांनी हात पुढे करून माईक मागितला. त्याला टपली मारली. “ऐकू येतंय का... गो?” डोळखांब म्हणायला दम पुरला नाही. कुणालाच ओरडवेना. आणि अगदी टोकाला, बायांमध्ये बसलेल्या मामी उठून उभ्या राहिल्या. “येतंय! बोला तुमी!”

मामा बोलले. “भाचीचा काम चांदावर पोचलाय. पडलाय. पन पोचलाय. हंडा तिचा.” एवढंच. एक शब्द फुगवला नाही.

मी वाकून हंडा घेतला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या भातलावणीआधी मामा गेले. मी भेटायला गेले तेव्हा हंडा मामींकडे ठेवायला नेला होता. त्यांनी हातही लावला नाही. “नको बाय. एवढी वर्सं माझ्या डोळ्यांसमोर रिकामा उभा होता. आता तरी त्यात पानी भर कोणी.”

बेंगळुरूच्या माझ्या स्वयंपाकघरात मी रोज सकाळी तो भरते. रिकाम्या हंड्याला आधी एक टपली मारते. तो घुमतो. “ऐकू येतंय का, मामा?” असं विचारते, आणि मग नळ सोडते.