उजव्या वळणाची चाळीस पाती

हरिदादा गेल्याचा फोन पार्वतीकाकींनी केला आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "शेड आज बंद ठेवू का?" मला रडण्याआधी हसूच आलं. दादा असता तर म्हणाला असता, "मेलोय मी. तुमी कशाला बसताय?"

हरिदादा माझा मावसभाऊ. पनवेलजवळच्या आमच्या गावात पहिला पॉवर टिलर त्यानेच आणला. बैलांचं चार दिवसांचं नांगरणीचं काम टिलर एका दिवसात उरके. मग त्यानेच भातकापणीचं यंत्र आणलं, आणि पार्वतीकाकींनी त्याला बांधावर गाठलं. "आमी अकरा बाया कापनीला येतो. तुझ्या यंत्रानं आमचं काम नेलं. आता आमी काय करायचं, सांग." दोन दिवस दादा नीट जेवला नाही... तिसऱ्या दिवशी नवीन पनवेलला माझ्या घरी हजर! "चिखलात टिलरची पाती झिजतात. नवीन यायला पंधरा दिवस जातात. आपनच केली तर?" शहराच्या कडेला शेड भाड्याने मिळाली, आणि त्या अकराही जणी दोन रिक्षांत दाटीने बसून कामावर आल्या. यंत्राने शेतातून उठवलेले हात यंत्राचीच पाती घासू लागले.

पहिली ऑर्डर चाळीस पात्यांची. मी दोनदा मोजली आणि पाठवली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. टिलरला निम्मी पाती डाव्या वळणाची लागतात, निम्मी उजव्या. आमची चाळीसही उजवी! "हा टिलर नांगरणार की फुगडी घालणार? माल परत न्या." ही ऑर्डर गेली तर शेड जाणार, हे साऱ्यांना ठाऊक होतं. शेवटी काकीच म्हणाल्या, "चाळीस डावी करू की. जोड्या लागतील." दादाने फोन उचलला, "शेठ, चाळीस मागितलीत, तीन दिवसांत ऐंशी देतो." शेठ इतका हसला की हो म्हणून बसला. पुढे अकराच्या चौतीस जणी झाल्या.

तेव्हापासून खोकं भरायची रीत ठरली. काकी "डावं" म्हणून एक पातं ठेवणार, दादा "उजवं" म्हणून दुसरं.

परवा, महिन्याभराने, शेडवर गेलो. काकींनी "डावं" म्हटलं आणि सवयीने थांबल्या. मी पुढे होऊन "उजवं" म्हणालो, पातं दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "बरोबर हाय. पन भाऊ, मोजत बसू नको... बघून दे."