दुसऱ्यांची मतं लिहिणारी

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. कितीही ऐसपैस पसरलेला लेख आणून द्या, ही बाई तो कापून-मुडपून नेमक्या जागेत बसवणार, म्हणून कात्री. तरुण मंडळी पुढे ‘ताई’ जोडायची, एवढाच काय तो मान. वर्तमानपत्राच्या संपादकीय पानाची सगळी हमाली तिच्याकडे होती. अग्रलेख संपादक स्वतः लिहीत. शेजारचे तज्ज्ञांचे लेख मात्र बहुतेक वेळा कात्रीच लिहायची. तज्ज्ञ फोनवर चार वाक्यं बोलायचे, मधेच घरातल्या कुणावर तरी खेकसायचे आणि म्हणायचे, “बाकीचं तुम्ही बघून घ्या.”

कात्री बघून घ्यायची. एकदा तर तिने एकाच दुपारी एका प्राध्यापकांच्या नावाने नव्या पुलाची बाजू घेतली आणि एका निवृत्त इंजिनिअरच्या नावाने त्याच पुलाची चिरफाड केली. दुसऱ्या दिवशी दोघांचेही फोन आले. दोघंही खूश. “अगदी माझ्या मनातलं उतरवलंत!”

पुलाबद्दल तिला स्वतःला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही. “वाचतं कोण ते पान?” असं ती हसत म्हणायची. ऑफिसातही सगळ्यांचं तेच मत होतं. लोक खेळाच्या बातम्या बघतात, शब्दकोडं सोडवतात आणि मतं हवीच असली तर फोन उघडतात, तिथे ती फुकट आणि पोतंभर मिळतात. पान बंद करून तिथे जाहिराती घ्यायच्या, अशी कुजबुज बरेच दिवस चालली होती. तेव्हापासून कात्रीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका जागी बसवेना. पेनाचं टोपण काढायची, लावायची. अर्धा चहा तसाच टाकून खिडकीशी जायची आणि तिथे आपण कशाला आलो ते आठवत उभी राहायची.

घरी मामी होती. आई गेल्यावर मामा-मामींनीच कात्रीला वाढवलं. मामाही जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मामीने उभं आयुष्य शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम केलं, त्यामुळे आवाज असा की शेजारच्या इमारतीतलं मूलही दचकून चपला घालील. आता मात्र तिला साखरेचा आजार होता आणि डाव्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. गल्लीच्या टोकाला नगरपालिकेचा छोटा दवाखाना होता. मामी काठी टेकत तिथे जाई, सिस्टर पट्टी बदलून देई, दोघी जगाची उणीदुणी काढत आणि मामी ताजीतवानी होऊन घरी येई.

त्या सुमारास नगरपालिकेत एक प्रस्ताव आला. गल्लीबोळातले दवाखाने बंद करायचे आणि सगळं बळ मोठ्या रुग्णालयात लावायचं. संपादकांनी कात्रीला सांगितलं, “डॉक्टरसाहेबांचा लेख घे.” डॉक्टरसाहेब म्हणजे निवृत्त आरोग्य अधिकारी. ते फोनवर म्हणाले, “हो हो, मोठं रुग्णालय चांगलंच. लिहा तुम्ही, तुम्हाला जमतं.”

कात्रीने लिहिलं. लिहिताना मामीचा दवाखाना डोळ्यांपुढे आला नाही असं नाही. आला. पण तेव्हाच एक वाक्य झकास जमून येत होतं, म्हणून तिने दवाखाना बाजूला सारला. वाक्य असं होतं: ‘गल्लीतला दवाखाना हा उपचार नव्हे, ती रुग्णाला दिलेली खोटी आशा आहे.’ संपादकांनी ते चौकटीत मोठ्या अक्षरांत घेतलं.

काही आठवड्यांनी एका सकाळी मामी दवाखान्यात गेली आणि गेल्या पावली परत आली. धापा टाकत खुर्चीत बसली.

“कुलूप आहे. दारावर कागद डकवलाय.”

“काय लिहिलंय?” कात्रीने विचारलं.

“अमुक तारखेपासून बंद, मोठ्या रुग्णालयात जा. आणि वर त्या कुठल्याशा डॉक्टरचं वाक्य. गल्लीतला दवाखाना म्हणजे म्हणे खोटी आशा! एकदा समोर ये म्हणावं मेल्या, माझी पट्टी सोडून दाखवते तुला, बघू कशी खोटी आहे जखम.”

कात्री चपला अडकवून गल्लीच्या टोकाला गेली. कागद होता. वाक्य होतं. तिने टाकलेला स्वल्पविरामसुद्धा जागेवर होता. शेजारी एक बाई तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन तेच वाचत होती. जे पान कुणी वाचत नाही असं ती इतकी वर्षं सांगत आली, ते कुणीतरी वाचलं होतं. नीट वाचलं होतं, उतरवून घेतलं होतं आणि खाली सही ठोकली होती.

मोठं रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून मामीला तिथे नेता-आणता अख्खा दिवस गेला. पट्टी बदलणारा माणूस चांगला होता, पण मान वर करून बघायला त्याला सवड नव्हती. परतताना बसमध्ये मामी दोन्ही हातांनी पाय धरून बसली होती.

“मामी, ते वाक्य माझं आहे,” ती एकदम म्हणाली.

“कुठलं?”

“दारावरचं. डॉक्टरांचं फक्त नाव. लेख मी लिहिला.”

मामीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“तुला असं वाटतं?” तिने विचारलं.

“मला काही वाटत नाही गं. तेच तर. माझं ते कामच आहे.”

“मग आता दुसऱ्या बाजूने लिही.”

“त्याने काय होणार आहे?”

“पहिल्याने काय झालं ते बघतेच आहेस की,” मामी म्हणाली आणि पाय सावरत खिडकीकडे वळली.

कात्रीला आधी नेहमीचीच वाट सुचली. ती डॉक्टरसाहेबांच्या घरी गेली. दिवाणखान्यात त्यांचा लेख चौकट करून लावला होता. तिने दारावरच्या कागदाची गोष्ट सांगितली, मामीची सांगितली. म्हाताऱ्या, जखमी, लेकुरवाळ्या माणसांसाठी छोटे दवाखाने ठेवायला हवेत असं आपण लिहाल का, असं चाचरत विचारलं. तिला वाटलं, रागावतील. किमान वाद तरी घालतील.

“हो, तेही बरोबरच आहे,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “लिहा ना तुम्ही. फोटो मात्र या वेळी जरा बरा घ्या.”

कात्री उठली. जिना उतरून ती रस्त्यावर आली. तो माणूस वाईट नव्हता, खोटारडाही नव्हता. त्याने आपलं मत तिच्यावर सोपवून दिलं होतं, आणि तिने त्यात स्वतःचं मत घातलंच नव्हतं. म्हणजे त्या लेखामागे कुणी नव्हतंच. आणि त्या रिकाम्या जागेतून निघालेल्या वाक्याने दाराला कुलूप घातलं होतं.

ती संपादकांपुढे जाऊन उभी राहिली. “दवाखान्यांवर लेख द्यायचाय. माझ्या नावाने.”

“तुझ्या?” ते हसले. “तू त्यातली कोण?”

“पेशंटच्या घरची.”

“कात्री, पान राहतंय की जातंय याचा पत्ता नाही, आणि तुला आता—”

“जाणारच असेल तर एकदा तरी माझं छापा.”

संपादक तसे मनाने मोकळे. म्हणाले, “आण तर खरं.”

पण लिहिता येईना. दुसऱ्याच्या नावाने सपासप चालणारा हात ‘मी’ या अक्षराशी अडायचा. ‘मला वाटतं’ लिहायची आणि खोडायची. मग ‘असे वाटते’ लिहायची, तेही खोडायची. जेवताना घास हातात राहायचा. मामी ओरडायची, “आधी गिळ, मग लिही!” अखेर तिने युक्तिवाद सोडला आणि जे घडलं तेच लिहून काढलं. पट्टी, दोन बस, मान वर न करणारा माणूस. आणि हेही, की ते खोट्या आशेचं वाक्य माझं होतं आणि मी ते विचार न करता लिहिलं होतं. लेख नेहमीच्या निम्मासुद्धा भरला नाही. जन्मात पहिल्यांदा कात्रीचा मजकूर जागेला अपुरा पडला.

संपादकांनी तो वाचला, चष्मा काढून डोळे चोळले. “हे शेवटचं काढू या का? आपल्या पानाची अब्रू जाते.”

“ते काढलं तर लेखच राहत नाही,” ती म्हणाली.

त्यांनी तसाच छापला.

पुढे जे झालं ते सरळ नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी मालकांना फोन करून आकाशपाताळ एक केलं. ज्या प्राध्यापकांच्या मनातलं ती उतरवत असे, त्यांनी यापुढे आपण स्वतः लिहू असं कळवलं आणि नंतर काहीच लिहिलं नाही. मालकांनी पान बंद केलं नाही, पण कात्रीला तिथून उचलून छोट्या जाहिरातींच्या टेबलावर बसवलं. ‘घर भाड्याने देणे’, ‘कुत्रा हरवला आहे’ यांची काटछाट आता तिच्याकडे आली. नगरपालिकेत थोडा गदारोळ झाला. दवाखाना पुरता उघडला नाही, पण आठवड्यातले तीन दिवस, फक्त सकाळी, पट्टी आणि इंजेक्शनपुरता सुरू झाला. सिस्टर तीच मिळाली. मामीने ही बातमी अख्ख्या इमारतीला जिन्यातून ओरडून सांगितली.

कात्रीला वाटलं होतं, आता तरी जीव शांत होईल. झाला नाही.

एका सकाळी ती मामीला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारी रंगाने माखलेल्या कपड्यांचा एक गृहस्थ होता, घरं रंगवणारा. हाताला जखम झाली होती. बोलता बोलता तो म्हणाला, “हे परत उघडलं ते त्या बाईच्या लेखामुळे म्हणे. मला नाही पटला तो.”

मामीने तोंड उघडलं. कात्रीने तिचा हात दाबला. “का नाही पटला?”

“माझी मुलगी तापली तेव्हा याच दवाखान्यात चार दिवस गोळ्या देत बसले. पाचव्या दिवशी मोठ्या रुग्णालयात नेली, तिथे ताबडतोब ऑपरेशन. आधीच नेली असती तर तिचे इतके हाल झाले नसते. त्या बाईला पट्टी बदलून हवी, ठीक आहे. पण माणसं इथेच अडकून राहतात, त्याचं काय?”

कात्रीची ती जुनी अस्वस्थता पुन्हा जागी झाली. पण या वेळी तिला ऑफिसातल्यासारखं उठून खिडकीशी जावंसं वाटलं नाही.

“हे लिहून पाठवा तुम्ही,” ती म्हणाली.

“मी? मला कुठे लिहिता येतंय? तुम्ही शिकलेल्या दिसता. मी सांगतो, तुम्ही लिहा.”

तिचा हात सवयीने पिशवीतल्या पेनाकडे गेला. तिने तो बाहेर काढून गुडघ्यावर ठेवला.

“नाही. तुम्हीच लिहा,” ती म्हणाली. “चुका मी काढून देईन. मजकुराला हात लावणार नाही.”

आतून सिस्टरने मामीला हाक मारली. कात्री तिला आधार देत उठवू लागली, तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, “साधारण किती लिहायचं असतं हो?”